नुसत्या पाण्याच्या शिट्ट्या

८ जानेवारी

आत्या,

फोन केला असता, पण तुला फोनवर नुसता भुंगा ऐकू येतो असं तूच म्हणतेस, आणि हे सगळं मला ओरडून सांगायचं नाही. घर दोन खोल्यांचं आहे. म्हणून पत्र.

तू एकतीस वर्षं मुलींच्या वसतिगृहाचं स्वयंपाकघर चालवलंस. एकशेऐंशी मुली, हाताखाली तीन बायका, आणि जेवणाची घंटा एकदाही उशिरा वाजली नाही, हे आपल्या घरात सगळ्यांना पाठ आहे. मी चार माणसांचं करते. आम्ही दोघं, सासूबाई आणि लेक. चार माणसांना मी पुरी पडत नाही.

मागचा आठवडाभर घड्याळ लावून पाहिलं. सकाळी साडेपाच ते पावणेआठ. मग ऑफिस. संध्याकाळी पाच चाळीसला उभी राहते ती आठला ओटा पुसून बाहेर येते. चार तास पस्तीस मिनिटं. त्यातली चिरण्यात एक्कावन्न, भांड्यांत अठ्ठेचाळीस, काहीतरी शोधण्यात एकवीस. बाकीचा वेळ कुठे जातो ते टिपता आलं नाही. मोजणी ऑफिसात बारा वर्षं दुसऱ्यांनी मोजलेल्या जमिनींचे नकाशे नकलून काढतेय, आणि स्वतःच्या स्वयंपाकघराचा ताळा लागत नाही.

मला यातले दोन तास परत हवेत. संध्याकाळचे मिळाले तर उत्तम. कसे काढू ते सांग. उत्तर ऑफिसच्या पत्त्यावर पाठव.

कशासाठी, असं विचारशील. जरा आराम.

मुंगी


१५ जानेवारी

मुंगे,

आराम हवा असलेलं माणूस मिनिटं टिपत बसत नाही, ते आडवं होतं. आणि आराम कुणी ऑफिसच्या पत्त्यावर मागवत नाही. तेव्हा कशासाठी हवाय ते पुढच्या पत्रात नीट लिही. तोवर कामाचं.

तुझा वेळ शिजवण्यात जात नाहीये. शिजवणं हे आगीचं काम आहे. तू गॅसपाशी उभी राहतेस, ढवळतेस, झाकण उचलून बघतेस. ते बंद कर. बघितल्यानं बटाटा लवकर शिजतो असं मला एकतीस वर्षांत दिसलं नाही.

वेळ जातो तो ठरवण्यात. पाच चाळीसला फ्रिज उघडून 'आज काय करू' म्हणत उभी राहत असशील. त्यालाच तू 'टिपता आलं नाही' म्हणतेस. शनिवारी सात दिवसांचं ठरव, कागदावर लिही, कपाटाच्या दाराला आतून चिकटव. मग त्यावर चर्चा नको. सासूबाई म्हणाल्या, आज भात नको वाटतो, तर म्हणायचं, भात नको तो दिवस शुक्रवार.

कांदा रोज चिरू नकोस. रविवारी आठवड्याचा एकदम चिर, निम्मा परतून ठेव. कडधान्य ऑफिसला जाताना भिजत टाक, ते तुझ्यावाचून भिजतं. कुकर दोन घे. घरात शिरल्याबरोबर, चपला काढायच्या आधी म्हटलं तरी चालेल, पाणी तापत ठेव. थंड पाणी तापायची वाट बघण्यात बाया म्हाताऱ्या झाल्यात. आणि तुझं मीठ कुठे असतं? मागे आले होते तेव्हा फ्रिजच्या वर होतं. म्हणजे दिवसातून सहा वेळा तू मिठाच्या भेटीला जातेस. ते गॅसपासून हाताच्या अंतरावर आण.

भांडी साठवू नकोस. कुकर होईस्तोवर घासून टाक. लेक आता अकराची ना? अकरा वर्षांच्या मुलीला ताटं मांडता येतात. जावईबापूंनाही येत असावीत. विचारून बघ.

मी बरी आहे. एकटीचं अकरा मिनिटांत होतं. उरलेल्या दिवसाचं काय करायचं ते कुणी शिकवलं नाही.

आत्या


३ फेब्रुवारी

आत्या,

मीठ खाली आणलं. सासूबाई म्हणाल्या, "इथे कुणी ठेवलं हे? मी वर शोधतेय." तीन दिवस वरच शोधलं, मग सवय झाली.

बाकी तू सांगितलंस तसं केलं. आता संध्याकाळी सहा पंचविसाला सगळं तयार असतं, भांड्यांसकट. एक तास पस्तीस मिनिटं सुटली. मला खरं वाटेना, म्हणून चार दिवस पुन्हा घड्याळ लावलं. खरं आहे.

पण ती हातात येत नाहीत. पहिल्या दिवशी हात पुसून बाहेर आले, खुर्चीत बसले. लेक म्हणाली, "आई, तू रिकामी आहेस?" तिच्या वह्यांना कव्हरं घालायची होती. दुसऱ्या दिवशी हे साडेसहाला आले, दिवसभर दुकानात चष्म्याच्या काचा घासून, आणि मला बसलेली बघून इतके खूश झाले की म्हणाले, चल, फिरून येऊ. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी पडदे काढून ठेवले होते. "आता तुला वेळ असतो तर," म्हणाल्या. मग खालच्या मजल्यावरच्या बाई कसलासा अर्ज भरून घ्यायला आल्या. त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे. कुणी वाईट बोलत नाही गं. सगळे गोडच बोलतात. वेळ बाहेर आणून ठेवला की कुणीतरी उचलतं.

आता कशासाठी ते. मोजणीदाराच्या परीक्षेचा अर्ज भरलाय. चौदा जूनला आहे. पास झाले तर नकला काढणं सुटेल, साखळी नि दुर्बीण घेऊन मी स्वतः मोजायला जाईन. आमच्या ऑफिसातून अजून बाई बाहेर गेलेली नाही. नियम तसा नाही, गेली नाही इतकंच. बारा वर्षं मी नद्या काढतेय, त्यातली एक पाहिलेली नाही.

घरात हे कुणाला माहीत नाही. मी दोनदा नापास झाले ते तुला ठाऊक आहे. पहिल्या वेळी सगळ्यांनी धीर दिला. दुसऱ्या वेळी हे म्हणाले, "झालं आता, सोड. तुझं काय अडलंय?" प्रेमानंच म्हणाले. सासूबाई महिनाभर माझ्याशी आजाऱ्याशी बोलावं तशा हळू बोलत होत्या. तिसऱ्यांदा मला ते नको. नापास झाले तर माझी मी होईन. कुणाला सांगावं लागणार नाही, कुणाचा चेहरा बघावा लागणार नाही.

म्हणून सांग, सुटलेला वेळ ठेवायचा कुठे?

मुंगी


९ फेब्रुवारी

मुंगे,

ठेवायचा तिथेच, स्वयंपाकघरात. बाहेर आणलास ही चूक.

वसतिगृहात आमच्या अधीक्षक बाई पदराला घड्याळ लावून फिरत. काम लवकर आटपलेलं दिसलं की एक बाई कमी करायच्या. म्हणून आम्ही काम संपलेलं कधी दाखवलं नाही. मोठ्या पातेल्यात नुसतं पाणी उकळत ठेवायचं, वर झाकण. झाकण खडखडत असलं, खिडकीच्या काचेवर वाफ असली, की बाहेरून जाणाऱ्याला वाटतं आत युद्ध चाललंय. आत एक पोत्यावर झोपलेली असायची, एक विणत असायची.

तुझ्याकडे कुकर आहे, तुझं आणखी सोपं. खरा स्वयंपाक उतरव. मग दुसऱ्या कुकरात दोन पेले पाणी घाल आणि गॅस बारीक ठेव. पाच-सात मिनिटांनी एक शिट्टी येईल. दार लोटून घे; म्हणायचं, धूर बाहेर जातो. मधेमधे पळी आपट. शिट्टी होतेय तोवर त्या दाराला कुणी हात लावत नाही. आत बाई कामात आहे, हे कुठल्याही घराला शिट्टीवरून कळतं.

पुस्तक भाजीच्या टोपलीखाली ठेव. ती टोपली तुझ्याशिवाय कुणी उचलत नसेल, पैज लावते.

आणि परीक्षा दे. नद्या बघ.

आत्या


४ मार्च

आत्या,

चाललंय.

ओट्याच्या कोपऱ्यात, सिंक नि भिंतीच्या मधे, उभ्यानं अभ्यास करते. बसलं की स्टुलाचा आवाज होतो, आणि स्टुलाचा आवाज कामाचा वाटत नाही. डाव्या हाताला कुकर, उजव्या हाताला वही. सहा पंचवीस ते आठ. कोन, जमिनीच्या उंचसखल पातळ्या, वाकड्या शेतांची क्षेत्रफळं. मागे दोन्ही वेळा क्षेत्रफळांनी घात केला होता, तिथून सुरुवात केली.

सवयी विचित्र लागल्यात. गणित दोन शिट्ट्यांत बसवते. शिट्टी झाली की वाटतं कुणीतरी विचारलं, झालं का. पान उलटायच्या आधी नळ सोडते. बाहेर खुर्ची सरकली की ओळी डोळ्यांसमोरून जातात आणि मी रिकामी कढई ढवळायला लागते. काल पाच मिनिटं ढवळत होते. नंतर कळलं, बाहेर कुणी नव्हतंच.

लेक जेवताना म्हणाली, "आज अकरा शिट्ट्या झाल्या. आणि एवढंच?" मी म्हटलं, कडधान्य जुनं आहे, शिजत नाही. सासूबाईंनी ताटातला एक दाणा बोटांत दाबून पाहिला. "लोणी झालंय," म्हणाल्या, आणि माझ्याकडे बघितलं.

गॅसचा सिलिंडर चोविसाव्या दिवशी संपला. हे म्हणाले, गळत असेल. माणूस बोलावून नळी बदलून घेतली. नवी नळी लाल आहे. रोज तिच्याकडे बघून मला कसंतरी होतं.

पण सात प्रकरणांपैकी तीन झाली. आत्या, तीन.

मुंगी


११ मार्च

मुंगे,

पाणी घालायला विसरू नकोस. घालताना रोज तोंडानं म्हण, घातलं. पाणी आटलं तर कुकर जातो, आणि मग सांगणार काय. कडधान्य रोज वेगळं घे, म्हणजे जुनं असल्याची सबब महिनाभर पुरेल.

तीन म्हणजे चांगली झाली. माझं बरं आहे.

आत्या


२ एप्रिल

आत्या,

नवीन अडचण. घरातले माझी कीव करायला लागलेत.

सासूबाई सकाळी पाचला उठून बटाटे सोलतात. गुडघा धरून, भिंत धरून येतात. मी म्हटलं, आई, तुम्ही झोपा, माझं होतं. "होतं कसलं," म्हणाल्या, "संध्याकाळी सव्वादोन तास तू त्या भट्टीत असतेस. मी काय आंधळी आहे?" त्या साल इतकी जाड काढतात की चार बटाट्यांचे तीन होतात. पण ते कसं सांगू.

आणि हे. आता दुकानातून पाचलाच निघतात, मालकाशी बोलून घेतलंय म्हणे, आणि कोपरापर्यंत बाह्या सरकवून माझ्याआधी स्वयंपाकघरात हजर. "सांग, काय करू." ह्यांना कांदा चिरता येत नाही. चष्म्याची काच धरावी तसा दोन बोटांत उजेडाकडे धरतात. एक कांदा सात मिनिटं. मधेच चाकू खाली ठेवून विचारतात, "तुला बरं वाटतंय ना?"

"मला काय झालंय?"

"काही नाही. विचारलं."

पाच मिनिटांनी पुन्हा.

नऊ दिवसांत एक पान वाचलेलं नाही. पुस्तक टोपलीखाली आणि टोपलीला टेकून हे. ऑफिसात नकाशा काढताना दोनदा रेघ चुकली. बारा वर्षांत चुकली नव्हती. मदत करणाऱ्या माणसाला बाहेर जा कसं म्हणायचं? मारायला आला असता तर म्हटलं असतं.

दहा आठवडे राहिले.

मुंगी


८ एप्रिल

मुंगे,

मदतीला आलेल्या माणसाला घालवायचं नसतं, त्याला लांबचं काम द्यायचं. जावईबापूंना रोज भाजीला पाठव, आणि अशी भाजी सांग की जवळच्या बाजारात मिळत नाही. परत आले की तांदूळ निवडायला दे, बाहेरच्या खोलीत, उजेड चांगला म्हणून. काचा घासणाऱ्याला खडे दिसतील, तो रमेल. सासूबाईंना लसूण दे. बसून होतं आणि संपत नाही.

आणि "बरं वाटतंय ना" ला भुलू नकोस. अधीक्षक बाईही आधी प्रकृतीच विचारायच्या. ज्याला विचारायचं असतं एक, तो विचारतो दुसरं. सावध राहा.

आत्या


२ मे

आत्या,

तुझी युक्ती लागू पडली. हे बाजारात जायचे, पाऊण तास मिळायचा. चौथं प्रकरण झालं, पाचवं अर्धं.

मंगळवारी हे निघाले आणि वाटेतून परत आले. पिशवी विसरले होते. पिशव्या स्वयंपाकघरात, दारामागे. दार उघडलं तेव्हा मी ओट्यावर वाकून एका वाकड्या शेताचे त्रिकोण पाडत होते, पाठ दाराकडे. कुकर शिट्टीला आलेला. पुस्तक नि वही टोपलीखाली सरकवली, पण पेन्सिल हातात राहिली.

ह्यांनी गॅस बंद केला. चमच्याच्या दांड्यानं शिट्टी उचलली आणि वाफ जाईस्तोवर तिथेच उभे राहिले. वाफ जायला किती वेळ लागतो ते मला माहीत आहे, पण त्या दिवशी ती जाईना. मग झाकण काढलं. आत बघितलं. खाली काही बसलंय का म्हणून चमच्यानं तळ ढवळला.

"पाणी आहे," म्हणाले.

"हो."

"मग जेवण?"

"झालंय मघाशीच. त्या ताटाखाली आहे."

तेव्हा त्यांनी पेन्सिल बघितली, आणि टोपली उचलली. पुस्तक घेऊन स्टुलावर बसले. पहिलंच पान बराच वेळ बघत होते, वाचत नव्हते. म्हणाले, "मला वाटायचं, तू आत रडतेस. बाहेर ऐकू येऊ नये म्हणून कुकर लावतेस."

दोन महिने, आत्या. दोन महिने हा माणूस बाहेरच्या खोलीत बसून शिट्ट्या ऐकत होता आणि मी रडतेय असं समजत होता. मालकाकडून वेळ मागून घेतला तो त्यासाठी. कांदा उजेडाकडे धरून बघायचे ते माझ्या डोळ्यांकडे. आईला सांगून ठेवलं होतं, तिला काही विचारू नकोस, नुसती तिच्याजवळ राहा. म्हणून त्या बटाटे सोलायला यायच्या.

मला हसू आलं. का आलं ते सांगता येणार नाही, पण आलं, आणि तेच वाईट झालं. हे उठून बाहेर गेले. त्या दिवशी जेवले नाहीत.

आता सगळ्यांना कळलंय. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "तिसऱ्यांदा?" लेक म्हणाली, "मग त्या अकरा शिट्ट्या खोट्या होत्या?" हे बोलतात, कामापुरतं. मीठ दे. दार लाव. परीक्षेबद्दल एक शब्द नाही.

वेळ आता आहे. कुणी मागायला येत नाही, सगळे माझ्या बाजूनं लांबून जातात. पुस्तक उघडते, एक ओळ वाचते, उठते, या खोलीतून त्या खोलीत जाते, कशाला आले ते आठवत नाही, परत येते. चार दिवसांत अर्धं पान.

तुझ्या वसतिगृहात अधीक्षक बाई होत्या. माझ्या घरात नव्हत्या. तुझं ऐकून मी ह्यांना अधीक्षक केलं. सावध राहा म्हणालीस. कुणापासून?

मुंगी


१० मे

मुंगे,

तुझं पत्र चार दिवस टेबलावर ठेवलं. उत्तर द्यायला मला कधी चार दिवस लागत नाहीत.

अधीक्षक बाई होत्या. पदराला घड्याळही होतं. पण त्या स्वयंपाकघरात कधी आल्या नाहीत, त्यांना धूर सोसत नसे, आणि त्यांनी एकही बाई कधी कमी केली नाही. पाण्याचं पातेलं वसतिगृहातलं नाही. ते माझ्या सासरचं आहे.

चार वर्षं होते मी तिथे. अकरा माणसं. माझा हात तेव्हाही चटकन चालायचा, दहा वाजेतो सगळं उरकायचं. बाहेर आले की कुणीतरी काहीतरी हातात द्यायचं, तुझ्यासारखंच. मग पातेलं ठेवायला लागले. झाकण खडखडायचं आणि मी एक घमेलं पालथं घालून त्यावर बसायचे. परीक्षा नव्हती, पुस्तक नव्हतं. भिंत होती. तुझे आतोबा बाहेर पेपर वाचत असायचे. स्वभावानं वाईट नव्हते.

असं दोन वर्षं. दोन वर्षांत ते झाकण कुणी उचललं नाही. एकदा पाणी आटलं, मला कळलंच नाही. पातेलं काळं झालं, धूर पार बाहेरच्या खोलीत गेला. तिकडून आवाज आला, "करपतंय वाटतं काहीतरी." बस. आलं कुणी नाही. पुढच्या आठवड्यात मी वसतिगृहाच्या नोकरीला अर्ज केला. घरात सगळ्यांना वाटतं, मला स्वयंपाकाची आवड.

तुला ती युक्ती सांगताना मी खोटं बोलले, पण एका गोष्टीत नाही. मला खरंच वाटत होतं की ती लागू पडते. इतकी वर्षं मी तिला हुशारी म्हणत आले. कुणी उठून आत येईल, हे मी त्यात धरलंच नव्हतं.

आता माझ्याकडे युक्ती नाही. पाणी ओतून टाक. पुस्तक बाहेरच्या टेबलावर आण आणि सगळ्यांसमोर बस. लाज वाटेल. वाटू दे, तिला वेगळा वेळ काढावा लागत नाही. जावईबापूंना सांग की हसलीस ती त्यांना नाही. हे आधी सांग, मग पुस्तक उघड. पाच आठवडे पुष्कळ आहेत.

मी जे लिहिलंय त्यावर तू काही लिहू नकोस.

आत्या


२१ जून

आत्या,

लिहू नकोस म्हणालीस, म्हणून लिहीत नाही. पत्र ठेवलंय.

ह्यांना सांगितलं. भांडी घासताना सांगितलं, समोरासमोर जमलं नसतं. "हसले ती तुम्हाला नाही." म्हणाले, "मग कुणाला?" "कांद्याला," म्हटलं. तेव्हा जरा हसले. सगळं मिटलं असं नाही. परवा लेक कुकर लावत होती तर हे उठून आत गेले नि परत आले. मी बघितलं ते त्यांनी बघितलं.

पण संध्याकाळचा स्वयंपाक आता हे करतात. मी म्हटलं नव्हतं. तुझा कागद कपाटाला आहे, तरी सोमवारचं बुधवारी होतं. अडीच तास लागतात. बटाटा शिजताना समोर उभं राहून बघतात. ओट्यावर एकेक गोष्ट मांडतात, दुकानात चष्मे मांडावेत तशी, आणि मग त्यातलीच एक सापडत नाही. मी टेबलापाशी बसून ते ऐकते आणि माझे हात शिवशिवतात. वेळ वाचवायचा म्हणून हे सुरू केलं, आणि घरात आता पूर्वीपेक्षा जास्त जातो. फक्त माझा जात नाही.

सासूबाई समोर बसून असतात. "जमतंय का?" दर दहा मिनिटांनी. शिट्टी बरी होती. एकदा म्हणाल्या, "हे वाकडं शेत कुणाचं आहे?" कुणाचंच नाही, म्हटलं, गणितातलं आहे. "मग सरळ का नाही काढत?" त्यांनी खालच्या बाईंना सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं, त्यांच्या डॉक्टरांना सांगितलं. निकाल वीस ऑगस्टला आहे हे आता निदान नऊ माणसांना माहीत आहे. मी मोजलीत. ज्याच्या भीतीनं सगळं लपवलं होतं, ते बरोबर नऊ पट होऊन बसलंय.

पेपर बरा गेला की वाईट ते कळत नाही. वाकडं शेत सुटलं. पातळ्यांची दोन गणितं अर्धी राहिली. हॉलमधे शिट्टी नव्हती, मला वेळेचा अंदाजच येईना.

मुंगी


२२ ऑगस्ट

आत्या,

नापास. तीन मार्क कमी.

परवा दुपारी ऑफिसच्या फलकावर बघितलं. घरी जाताना एक थांबा आधी उतरले नि चालत गेले. काय बोलायचं ते चालताना ठरवलं, तीन वाक्यं, आणि दारात पोचेस्तोवर एकही राहिलं नाही. "तीन मार्कांनी गेली," म्हटलं.

सासूबाई म्हणाल्या, "कशात गेले तीन?"

"पातळ्यांत."

"म्हणजे त्या वाकड्या शेतात नाही."

"नाही."

"बरं," म्हणाल्या, आणि हातातलं काम पुढे चालू केलं. हळू आवाजात नाही, नेहमीच्या.

लेक खाली जाऊन बाईंना सांगून आली, मी सांगायच्या आत. बस चुकली हे सांगावं तसं सांगितलं असणार, कारण लगेच परत आली.

हे स्वयंपाकघरातून आले, हात ओले. मला वाटलं, आता 'सोड' म्हणतील. मी तयार होते. म्हणाले, "पुढची कधी आहे?"

"फेब्रुवारीत."

"अर्ज?"

"पुढच्या आठवड्यापासून."

"मग भर." आणि आत गेले. गॅसवर काहीतरी होतं.

इतकंच झालं, आत्या. ज्याची मी आठ महिने भीती धरली होती ते सगळं होऊन गेलं, आणि घड्याळात सहा वाजून वीस मिनिटं झाली होती.

मी टेबलापाशी बसले. समोर पुस्तक नव्हतं. जेवणापर्यंतचा सगळा वेळ माझा होता आणि त्यात करण्यासारखं काही नव्हतं. दोनदा उठले. आत काहीतरी पडलं, मग फडकं शोधल्याचा आवाज आला. दोन्ही वेळा आतून ह्यांनी म्हटलं, "बस." बसले. पायांना कळेना काय करायचं.

मग लेकीची पट्टी घेतली आणि टेबल मोजलं. चारही बाजू, दोन्ही कर्ण. खिडकीकडची बाजू समोरच्या बाजूपेक्षा दोन सेंटिमीटर लांब निघाली. पुन्हा मोजली. तेवढीच. बारा वर्षं आम्ही त्यावर जेवतोय.

लिहून ठेवलंय.

मुंगी